भट्टीचा निरोगी आवाज

"काका, डोळे मिटा. भट्टीकडं बघायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि मला सांगायचं."

केतकीनं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि सगळी फौंड्री एकदम लांब गेली. वाळूच्या मिक्सरची घरघर गेली, क्रेनची घंटा गेली. राहिला फक्त तीन नंबरच्या भट्टीचा आवाज, तिनं दहा मिनिटांपूर्वी टेप केलेला.

"हा कसला?" तिनं माझ्या दंडाला हात लावून विचारलं.

मी पुरता ऐकून घेतला. मागं नेऊन परत एकदा ऐकवायला लावला. मग डोळे उघडून म्हणालो, "हा निरोगी."

"नक्की?"

"तीस वर्षं ह्या भट्ट्यांपाशी उभा आहे, पोरी. निरोगीच आवाज आहे हा. हिरव्या खुणेखाली घाल."

तिनं वहीत लिहून घेतलं. पुढं माझं नाव घातलं, आदगोंडा चौगुले. तारीख घातली. आणि माझ्याकडं बघून अशी हसली, जणू मी तिला काहीतरी मौल्यवान दिलं होतं.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री होती. भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, हा धंदा. मी मेल्टर होतो, म्हणजे भट्टी चालवणारा. सगळे मला अण्णा म्हणायचे. सहा महिन्यांनी मी रिटायर होणार होतो.

केतकी सबनीस पुण्याची. सव्वीस वर्षांची इंजिनीयर. कंपनीनं तिला कॉम्प्युटरवर एक नवी सोय उभी करायला आणलं होतं. भट्टीच्या उंच फलाटावर, भट्टीशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये तिनं पडदा बसवला. पडद्यावर भट्टीचा फोटो. फोटोतल्या कुठल्याही भागावर बाण नेऊन टिचकी मारली की त्या भागाचं ड्रॉइंग उघडायचं. ड्रॉइंगवर टिचकी मारली की जुन्या बिघाडांच्या रजिस्टरचं पान. पानातल्या एखाद्या शब्दावर मारली की त्या कामाची फिल्म, नाहीतर आवाज.

"ह्याला हायपरमीडिया म्हणतात, काका," ती म्हणाली होती. "पुस्तकासारखं पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही. जिथं अडलं तिथून आत शिरायचं. उद्या तुम्ही नसलात तरी नवा मेल्टर ह्यातून तुम्हालाच विचारेल."

"आणि मी सांगीन?"

"तुमच्याच आवाजात."

पोरगी गुणाची होती. पायात बूट, डोक्याला हेल्मेट, दुपारच्या उन्हातही भट्टीपासून हलायची नाही. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला तिनं कधी अडाणी समजलं नाही. म्हणूनच पुढं जे झालं त्यात तिची आठवण मला जास्त टोचते.

तिला सगळ्यात जास्त हवा होता माझा कान. भट्टीच्या आत दगडी पिठाचं अस्तर ठोकून बसवलेलं असतं. आम्ही त्याला लायनिंग म्हणतो. लायनिंगच्या अलीकडं वितळलेलं लोखंड, पलीकडं तांब्याची नळी आणि तिच्यातून खेळणारं पाणी. मधली जाडी जेमतेम चार बोटं. रोजच्या वापरानं ती झिजते. लोखंड पाण्याला भेटलं की तोफ उडावी तसं उडतं. किती वेळा भट्टी भरली, म्हणजे किती हीट निघाल्या, हे मोजून लायनिंग बदलायची पद्धत होती, पण मोजणी कधीकधी दगा देते. एखादं लायनिंग एका अंगानं आतून आधीच खाल्लं जातं. अशा वेळी भट्टीचा आवाज चढतो. फार नाही, किंचित. कानात डास शिरल्यासारखा. तो मला ऐकू यायचा.

"चौगुले, तुमचा कान आम्हाला पाहिजे," आमचे वर्क्स मॅनेजर नाईकनवरे साहेब आपल्या केबिनमध्ये खुर्ची देऊन म्हणाले होते. "तुमच्यासारखा कान जिल्ह्यात नाही."

मी खुर्चीत बसलो, चहा घेतला आणि हो म्हणालो.

ह्याच माणसानं नऊ वर्षांपूर्वी दुसरं काहीतरी म्हटलं होतं.

माझा धाकटा भाऊ सिदगोंडा माझ्याच हाताखाली भट्टीवर होता. नव्वद सालच्या मार्चमध्ये एक मोठी ऑर्डर अडली होती. सकाळी मला आवाज चढलेला जाणवला. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं, "साहेब, दोन नंबर बंद करा. लायनिंग गेलंय." साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "मोजणीनं अजून साठ वेळा चालायला पाहिजे. दुपारच्या तेवढ्या दोन हीट काढा, मग बघू." मला त्यांनी मुद्दाम स्टोअरला पाठवलं, म्हणजे माझी कटकट नको. मी स्टोअरच्या दारात होतो तेव्हा भट्टी फुटली. सिदू तिसऱ्या दिवशी गेला. जाईपर्यंत शुद्धीवर होता.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, "कामगारानं ओलं भंगार भट्टीत टाकलं. चौगुल्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी कुणाच्या कानावर फौंड्री चालत नाही." कागदावर तसंच उमटलं. सिदूची बायको पद्मा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. माझी बायको आधीच वारली होती. पद्मा, तिची लहान मुलगी आणि मी एकाच घरात राहत होतो. गल्लीत कुणी विचारलं की पद्माला सांगावं लागायचं, स्वतःच्या चुकीनं जळाले. बिनसहीचा माझा शब्द आणि साहेबांचा सहीचा कागद, ह्यात कोण जिंकणार?

मी नोकरी सोडली नाही. लोक म्हणायचे, अण्णा पचवून बसला. मी पचवलं नव्हतं. रोज सकाळी साहेबांना नमस्कार करायचो आणि रोज मनात त्यांना त्या फलाटावर उभं करायचो.

आणि आता साहेबांना माझा कान पाहिजे होता.

केतकीला मी निरोगी म्हणून दिलेला तो आवाज निरोगी नव्हता. तीन नंबरचं लायनिंग मोजणीनं निम्म्यालाच आलं होतं, म्हणून तिला शंका यायचं कारण नव्हतं. पण मला स्वच्छ ऐकू येत होतं. एका अंगानं ते खलास झालं होतं. त्याच संध्याकाळी मी वेगळंच निमित्त सांगून भट्टी बंद करवली आणि लायनिंग एकट्यानं फोडून नवं ठोकायला लावलं. आतून ते बोटभरही उरलं नव्हतं. ते मी कुणाला दाखवलं नाही.

तर मरणाचा आवाज हिरव्या खुणेखाली जाऊन बसला. मी स्वतःला समजावलं होतं, माणसं दगावणार नाहीत. आजकाल भट्टीला गळतीची घंटा असते, ती वाजेल, माणसं पळतील, भट्टी तेवढी जाईल. नाईकनवऱ्यांनी पुण्या-मुंबईच्या लोकांसमोर मिरवलेली सोय तोंडघशी पडेल आणि नाक त्यांचं कापलं जाईल. एवढंच. घंटा उगाच वाजते म्हणून साहेबांनी तिची तार काढून ठेवली आहे, हे मला माहीत होतं. ते मी मनात येऊच दिलं नाही.

उद्घाटन खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असतेच. सकाळी भट्ट्यांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटले, पेढे वाटले. खाली मंडप घालून खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचे चेअरमन आले होते. त्यांच्यासमोर तीन नंबरवर एक हीट काढायची आणि पडदा कसा चालतो ते दाखवायचं, असा बेत होता.

फलाटावर तिघं होते. साहेब, केतकी आणि माझ्या जागी आलेला इरफान बागवान. तीस-बत्तीसचा, दोन मुलांचा बाप. मी खाली खुर्चीत. माझ्या गळ्यात हार होता, कारण त्या दिवशी माझा निरोप समारंभही उरकून घेणार होते.

लोखंड वितळत आलं. साहेबांनी माईकवर सांगितलं, "आता आपण भट्टीची तब्येत विचारू." केतकीनं पडद्यावर टिचकी मारली. मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज आला, "हा निरोगी." आणि पाठोपाठ तो गुणगुणाट.

स्पीकरमधला आवाज आणि समोरच्या भट्टीचा आवाज हुबेहूब एक होता. कानात डास शिरल्यासारखा. नवं ठोकलेलं लायनिंगही मोजणीनं निम्म्यालाच आलं होतं.

"ऐका, तंतोतंत जुळतोय!" साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. हार खुर्चीवर ठेवला आणि पेढ्यांचं ताट उचलून फलाटाच्या जिन्यानं वर गेलो. म्हातारा प्रसाद घेऊन चाललाय असं सगळ्यांना वाटलं असणार.

साहेब पलीकडच्या कठड्याशी उभे राहून चेअरमनना काहीतरी समजावत होते. मी केतकीजवळ गेलो.

"पोरी, खाली चल."

"काय झालं काका?"

"तो आवाज खोटा आहे. मी तुला खोटा दिला. ही भट्टी फुटणार आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्यावर तिचा विश्वास बसला, आणि त्याच क्षणी तो गेलाही. दोन्ही मला दिसलं.

"का?" ती म्हणाली.

"आत्ता नको. उतर."

"साहेबांना सांगा!"

"त्यांना मी सांगतो. तू उतर आणि खालच्या लोकांना मागं घे."

ती जिन्याकडं धावली. मी इरफानच्या कानात सांगितलं, "पॅनेलवर जा, वीज तोड, वर येऊ नको." त्यानं माझ्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं. प्रश्न विचारला नाही. मेल्टर मेल्टरला प्रश्न विचारत नाही.

फलाटावर आम्ही दोघंच उरलो. साहेब वळले. इरफान दिसेना म्हणून भट्टीला वळसा घालून माझ्याकडं आले. आमचं जेमतेम दोन-चार वाक्यांचं बोलणं झालं. मग मी जिना उतरायला लागलो. चौथ्या पायरीवर असताना पाठीमागं सगळं पांढरं झालं.

कानठळ्या बसल्या. वर बघितलं तर ठिणग्यांचा पाऊस आणि वाफ, आणि वाफेतून साहेबांचं ओरडणं. अजून मला सांगता येत नाही मी परत का चढलो. पाय आपोआप वर गेले. साहेब कठड्याला धरून होते. कपड्यांनी पेट घेतला होता. मी त्यांना पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, त्याचे वण अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. साहेबांना वाचवणारा कामगार. लोक भेटायला आले, नारळ घेऊन.

साहेब वाचले. केतकीनं मागं घेतलेल्या लोकांना आणि इरफानला काही झालं नाही. साहेबांची मात्र डावी बाजू पार गेली, हात, मान, निम्मा चेहरा, डावा डोळा.

अडीच महिन्यांनी कंपनीनं चौकशी बसवली. मोठ्या टेबलामागं तिघं जण, एका अंगाला पट्ट्या बांधलेले साहेब, दुसऱ्या अंगाला केतकी. अहवालाचा मसुदा आधीच तयार होता. टेबलामागच्या एकानं तो वाचून दाखवला. इंजिनीयरनं ध्वनिफिती चढवताना अदलाबदल केली, जोडणी चुकीची केली, निष्काळजीपणा तिचा.

केतकीकडं वही होती. त्यात तारखेसह माझं नाव होतं. तिनं ती वही पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. मांडीवर हात ठेवून माझ्याकडं बघत बसली. त्या बघण्यात राग नव्हता. मी काय करतो एवढंच तिला पाहायचं होतं.

मला तिथं पद्मा दिसली. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका खोलीच्या बाहेर बाकावर बसलेली, पदरानं तोंड झाकून.

मी उभा राहिलो.

"पोरीची चूक न्हाई," मी म्हणालो. "आवाज मी खोटा दिला. जाणूनबुजून."

"का?" मधल्यानं विचारलं.

"माझा भाऊ ह्याच फलाटावर मेला. मी सांगूनसुद्धा मेला. तेव्हा माझा कान कुणाला नको होता."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांना घंटेची तार काढल्याचं माहीत होतं. पोलिसांत गेलं की ते आधी बाहेर पडलं असतं. मधल्यानं घसा साफ केला.

"ठीक आहे. पण ऐनवेळी तुम्ही इंजिनीयर आणि ऑपरेटरला सावध केलंत. साहेबांना सावध केलंत का?"

"केलं. हाक मारली. भट्टीच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नसंल."

त्यानं साहेबांकडं वळून विचारलं, "हाक मारली होती?"

साहेबांचा उरलेला डोळा माझ्यावर होता. किती वेळ, कोण जाणे. मी नजर हलवली नाही.

"मारली असेल," साहेब म्हणाले. "मला ऐकू आली नाही."

तसं लिहिलं गेलं. मला कामावरून काढलं, प्रकरण मिटलं. केतकीच्या नावावरचा ठपका पुसला गेला, पण ती राहिली नाही. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती. मी जवळ गेलो.

"पोरी, मला माफ कर म्हणत न्हाई."

"नका म्हणू," ती म्हणाली. "काका, मी तुमच्याजवळ सहा महिने बसले. तुम्ही मला एकदा सांगितलं असतंत सिदगोंडांचं, तर त्या रजिस्टरच्या पानाला मी ते जोडलं असतं. रोज प्रत्येक माणसानं ते वाचून भट्टी चालू केली असती."

मला ते सुचलंच नव्हतं. रिक्षा आली आणि ती गेली. नंतर तिला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

घरी आलो तेव्हा पद्मा चुलीपुढं होती. चौकशीत काय झालं ते मी तिला सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी तिनं हात थांबवला.

"अण्णा, हाक खरंच मारलीसा?"

आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं.

त्या दिवशी फलाटावर साहेब माझ्याजवळ आले, अगदी जवळ. माईक त्यांनी बंद केला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "चौगुले, खरं सांगा. मला आवाज जरा वेगळा वाटतोय. तुमचा कान काय म्हणतो? उतरू का खाली?"

पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. पडदा बाजूला ठेवून, मोजणी बाजूला ठेवून, मला.

मी म्हणालो, "ठीक आहे, साहेब. निरोगी आहे. थांबा तुम्ही."

आणि उतरायला लागलो.

पद्मा माझ्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती तिनं उलटली.

"किती भाजलेत?" अडीच महिन्यांत साहेबांबद्दल तिनं पहिल्यांदाच विचारलं.

"डावी बाजू सगळी."

"डोळा?"

"एक गेला."

मला वाटलं ती रडेल. वाटलं शिव्या देईल, सिदूच्या नावाला मी बट्टा लावला म्हणेल. मुलीनं येऊन काहीतरी विचारलं, तिला तिनं बाहेर पाठवलं. मग उठून हात धुतले आणि ताट घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "वाढते."

मी बसलो. वांग्याची भाजी होती, वर कांदा फोडलेला. भाजलेल्या हातांनी घास नीट धरता येत नव्हता, म्हणून तिनं भाकरी कुस्करून दिली. मला लाज वाटायला हवी होती. पण नऊ वर्षांत लागली नव्हती अशी भूक लागली होती. मी चार भाकरी खाल्ल्या, आणि पाचवी मागितली.